तिरुवल्लिकेणीची वाळू

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात एक गोलाकार दर्शनी भागाची जुनी वास्तू आहे. अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठविण्यासाठी ती १८४२ च्या सुमारास बांधली गेली. पुढे १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथे झाला. बांधली तेव्हा समुद्र तिच्या पुष्कळ जवळ होता. आज मात्र लाटांपर्यंत पोहोचावयाचे तर रस्ता ओलांडून वाळूचे विस्तीर्ण पटांगण तुडवावे लागते. समुद्र मागे हटला, असे वाटते खरे. परंतु पुढे सरकली आहे ती भूमीच.

ही भूमी आली कोठून? ऊन, पाऊस आणि वारा यांनी डोंगरातील खडक भेगाळतात. त्यांतील दुबळ्या खनिजांची माती होते, गारेचे कठीण कण तेवढे टिकतात. पालारसारख्या नद्या हे कण समुद्राच्या स्वाधीन करतात. पुढचे काम लाटांचे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत त्या दक्षिणेकडून तिरप्या येतात. चढणारी लाट कणाला तिरपा वर नेते, ओसरताना उतारावरून सरळ खाली ओढते. प्रत्येक फेरीत कण किंचित उत्तरेस सरकतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात हा प्रवास उलटतो. पण तो काळ थोडा, म्हणून वर्षाचा हिशेब उत्तरेच्याच पदरी पडतो.

या वाटेवर १८७६ मध्ये बंदराच्या भिंतींचे काम सुरू झाले. १८८१ च्या वादळाने त्या मोडल्या, तो आघात सर्वांना दिसला. वाळूचा वेढा मात्र निमूटपणे पडत होता. दक्षिणेच्या भिंतीशी ती अडली, साचली, आणि किनारा रुंदावत गेला. गव्हर्नर ग्रँट डफ यांनी १८८४ मध्ये येथे फिरण्याचा रस्ता करून त्यास ‘मरीना’ हे नाव दिले. बंदराचे पूर्वेकडील तोंड मात्र गाळाने संकटात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते बंद करून ईशान्येस नवे उघडावे लागले. कूवम् नदीच्या मुखाशीही वाळूचा दांडा पडतो आणि तिचे मैले पाणी तुंबून राहते.

बंदराच्या उत्तरेस रायपुरम् आणि तिरुवोत्रियूर येथे हिशेब नेमका उलटा. येणारी वाळू थांबली, जाणारी जातच राहिली. कोळ्यांच्या वस्त्यांतील घरे समुद्राने घेतली. मग दगडी बंधारे आले. परंतु एका बंधाऱ्याआड किनारा तगला की त्याच्या उत्तर टोकापलीकडे नवी झीज सुरू होते, आणि एण्णूरच्या वाटेवर पुन्हा दगड टाकावे लागतात.