भरपगारी रजा आणि कार्यसंस्कृती : काही देशांचा तौलनिक विचार व खानदेशातील वास्तव

प्रास्ताविक

अक्षय्य तृतीयेला खानदेशात 'आखाजी' म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येण्याचा हा सण शेतावरील सालदाराच्या दृष्टीने हिशेबाचाही दिवस असतो. या दिवशी जुने साल संपते व नव्या सालाचा ठराव होतो. हिशेबात सालदाराचे 'खाडे' मोजले जातात. आजारपण, लग्नकार्य वा मर्तिक यांमुळे तो ज्या दिवशी कामावर आला नाही, त्या दिवसांचे पैसे ठरलेल्या रकमेतून कापले जातात किंवा तेवढे दिवस त्याला नंतर भरून द्यावे लागतात. या व्यवस्थेत विश्रांती हे मजुराच्या डोक्यावरचे देणे ठरते. आधुनिक कामगार कायद्यात मात्र तीच विश्रांती कामगाराने कमावलेले येणे मानली जाते. या दोन दृष्टींतील अंतर लक्षात घेऊन विविध देशांतील भरपगारी रजेचा तौलनिक विचार करणे व त्या संदर्भात धुळे परिसरातील स्थिती तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पना व पार्श्वभूमी

साप्ताहिक सुट्टी आणि भरपगारी वार्षिक रजा या दोन भिन्न बाबी आहेत. साप्ताहिक सुट्टीचा लढा महाराष्ट्राला परिचित आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तथापि सुट्टी मिळाली म्हणजे त्या दिवसाचे वेतन मिळालेच असे होत नाही. रोजंदारीवरील कामगाराला सुट्टीचा दिवस बिनपगारीच जातो. काम न केलेल्या दिवसांचेही वेतन द्यावे, हा विचार त्यानंतर रुजला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३६ मध्ये भरपगारी रजेविषयीचा पहिला करार संमत केला आणि १९५२ मध्ये शेतमजुरांसाठी स्वतंत्र करार केला. १९७० च्या करारात एका वर्षाच्या सेवेसाठी किमान तीन आठवड्यांची रजा विहित करण्यात आली. भारताने या १९७० च्या करारास अनुसमर्थन दिलेले नाही.

विविध देशांतील स्थिती

फ्रान्समध्ये मे-जून १९३६ मधील मोठ्या संपांनंतर लिऑं ब्लूम यांच्या सरकारने दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. त्याच वर्षी कामगारांना रजेत प्रवास करता यावा म्हणून सवलतीचे रेल्वे तिकीटही सुरू झाले. रजेचा हक्क व तिचा उपभोग घेण्याचे साधन एकाच वेळी मिळाले, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. पुढे रजेची मुदत टप्प्याटप्प्याने वाढत १९८२ मध्ये पाच आठवडे झाली. २०१७ पासून फ्रान्समधील पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेर ई-मेल व दूरध्वनीपासून मुक्त राहण्याच्या हक्काविषयी कामगार प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात.

युरोपीय संघाने १९९३ च्या निर्देशाद्वारे सर्व सदस्य राष्ट्रांसाठी किमान चार आठवड्यांची रजा बंधनकारक केली. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने जर्मनीतून आलेल्या प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले. शिल्लक रजा बुडण्यापूर्वी मालकाने कामगाराला तिची स्पष्ट जाणीव करून दिली पाहिजे. केवळ कामगाराने अर्ज केला नाही म्हणून त्याची रजा आपोआप रद्द होत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे.

जपानचा अनुभव याहून वेगळा आहे. तेथे १९४७ च्या कायद्यापासून भरपगारी रजा आहे. सध्या सहा महिन्यांच्या सेवेनंतर दहा दिवस व पुढे वीस दिवसांपर्यंत रजा मिळते. प्रत्यक्षात मात्र अनेक वर्षे कामगारांनी त्यातील जवळपास निम्मीच रजा वापरली. सहकाऱ्यांवर भार पडेल, निष्ठेविषयी शंका घेतली जाईल, या संकोचामुळे रजा कागदावरच राहिली. अतिश्रमाने होणाऱ्या मृत्यूसाठी 'करोशी' हा शब्द त्या भाषेत रूढ व्हावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. अखेर एप्रिल २०१९ पासून, दहा वा अधिक दिवसांची रजा मिळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षातून किमान पाच दिवस रजा घेतलीच पाहिजे, ही जबाबदारी मालकावर टाकण्यात आली. त्यानंतर रजा वापरण्याचे प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे गेले.

अमेरिकेत भरपगारी वार्षिक रजेची सक्ती करणारा संघीय कायदा नाही. १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्याने पात्र कर्मचाऱ्यांना बारा आठवड्यांपर्यंतची रजा मिळते, पण ती बिनपगारी असते. वार्षिक रजा हा तेथे प्रामुख्याने नोकरीच्या कराराचा भाग आहे. त्यामुळे उच्च वेतनश्रेणीतील कर्मचाऱ्यास ती पुरेशी मिळते. अल्प वेतनावरील कामगार मात्र बहुधा तिला मुकतो.

भारतीय कायदा

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगारास दर वीस दिवसांमागे एक दिवस याप्रमाणे भरपगारी रजा दिली होती. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने ही अट १८० दिवसांवर आणली. सदर संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. अर्थात ३०० दिवस काम करणाऱ्यास पंधरा दिवस, तर १८० दिवस काम करणाऱ्यास नऊ दिवस रजा मिळू शकते. अट शिथिल झाली हे स्वागतार्ह आहे. परंतु ही संहिता सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. श्रमिकांचा फार मोठा वर्ग या उंबरठ्याबाहेरच राहतो.

खानदेशातील वास्तव

धुळे शहरातील यंत्रमागांवर विणकराला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाच्या मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबते. छोट्या कारखान्यांत कामगारसंख्या दहाच्या आत असल्यास कायद्याची रजाही लागू होत नाही. जिनिंग-प्रेसिंगचे काम कापसाच्या हंगामापुरते चालते. त्यामुळे एकाच मालकाकडे १८० दिवस भरणे तेथील मजुराला कठीण जाते. साक्री, शिरपूर भागातून ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना मजुरी टनावर मिळते व ती बरेचदा उचलीतूनच वळती होते. सालदार वर्षभर एकाच शेतकऱ्याकडे राबतो. सेवेच्या सातत्यात तो कोणत्याही कायम कामगाराच्या तोडीस तोड आहे. तरीही शेतावर एकटाच सालदार असल्याने त्याची गणना आस्थापनेत होत नाही. पोळ्याला बैलांच्या खांद्यावरचे जू एक दिवस उतरते. सालदाराला मात्र त्या दिवशीही बैल धुण्याचे, सजवण्याचे व मिरवण्याचे काम असते.

हा प्रश्न शेतशिवारापुरता नाही, तो महाविद्यालयाच्या आवारातही आहे. एकाच प्राध्यापक कक्षात बसणाऱ्या दोन अध्यापकांपैकी कायम अध्यापकास किरकोळ रजा, वैद्यकीय रजा व भरपगारी दीर्घ सुट्टी मिळते. तासिका तत्त्वावरील अध्यापकास झालेल्या तासिकांचेच मानधन मिळते. दिवाळीची सुट्टी एकास विश्रांतीची, तर दुसऱ्यास बिनउत्पन्नाची असते. पात्रता तीच, विषय तोच, विद्यार्थीही तेच. पण आजारी पडल्यास एकाची रजा खर्ची पडते व दुसऱ्याचा खाडा होतो. सालदाराच्या वहीतील हा शब्द उच्चशिक्षिताच्या मानधन पत्रकात लिहिला जात नाही, एवढाच काय तो फरक आहे.

निष्कर्ष

१) केवळ रजेच्या दिवसांची संख्या पाहून देशांची तुलना करणे अपुरे आहे. रजेस पात्र कोण, त्या दिवसाच्या वेतनाचा भार कोणावर आणि रजा प्रत्यक्षात घेता येते काय, हे तीन निकष एकत्र तपासावे लागतात.

२) जपानच्या उदाहरणावरून कार्यसंस्कृती कायद्यास निष्प्रभ करू शकते असे दिसते. मात्र रजा देण्याची जबाबदारी मालकावर टाकल्यास कार्यसंस्कृतीही बदलू शकते, हेही त्याच उदाहरणातून स्पष्ट होते.

३) भारतातील मुख्य अडचण रजेच्या संख्येपेक्षा पात्रतेची आहे. कामगारसंख्या व सलग सेवेच्या अटींऐवजी केलेल्या कामाच्या प्रमाणात, मालक बदलला तरी जमा होत जाणारी रजा हा विचार हंगामी व तुकडा पद्धतीच्या मजुरांसाठी अधिक उपयुक्त ठरेल.

४) तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या बाबतीत, सत्रातील तासिकांच्या प्रमाणात किमान आजारपणाची भरपगारी रजा देणे ही फार खर्चिक बाब नाही. श्रमाच्या प्रतिष्ठेचे अध्यापन करणाऱ्या संस्थांनी तिचा आरंभ करणे उचित होईल.

आखाजीच्या हिशेबात ज्या दिवशी खाडा या शब्दाची जागा रजा हा शब्द घेईल, त्या दिवशी १९३६ मध्ये जगाने मान्य केलेले तत्त्व खानदेशाच्या शिवारात पोहोचले असे म्हणता येईल.