उसना आणि कमावलेला

आमच्या लहानपणी प्रगतिपुस्तकाच्या तळाशी वर्गशिक्षक शेरा लिहीत, आणि ‘गणितात कच्चा’ हे दोन शब्द एकदा दप्तरी दाखल झाले की ते पुढच्या इयत्तेपर्यंत, पुष्कळदा जन्मभर, मुलाची पाठ सोडीत नसत. कारण शेरा गुरुजींचा असला तरी त्याखाली मनातल्या मनात सही ते मूलच करून टाकी. माझ्या पुस्तकात तो शेरा होता, हे कबूल केलेले बरे.

अमुक एक काम आपल्याला साधेल, या धारणेचे शास्त्रीय विवेचन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली केले. ‘मी हुशार आहे’ या मोघम अभिमानाहून ही धारणा निराळी. ती कामागणिक बदलते, आणि म्हणूनच विहिरीत बेधडक सूर मारणारा मुलगा फळ्यापुढे थरथरतो. स्वतः मिळविलेले यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याचे पाहिलेले यश, वडीलधाऱ्यांचे शब्द आणि त्या वेळची देहमनाची अवस्था, असे तिचे चार उगम त्यांनी सांगितले. त्यांत पहिला सर्वांत बलवान. आपल्या घरांतून मात्र सारी भिस्त तिसऱ्यावर!

१९८१ साली बँडुरा व डेल शंक यांनी वजाबाकीत मागे पडलेली, गणिताला कंटाळलेली चाळीस मुले निवडली. त्यांतील एका गटाला दर बैठकीस सहा पाने सोडविण्याचे उद्दिष्ट सुचविले, दुसऱ्याला सातव्या बैठकीअखेर बेचाळीस पाने पुरी करण्याचे, तिसऱ्याला कसलेच नाही. साता सक बेचाळीस. काम तेच, मुदतही तीच. तरीसुद्धा सहा पानांच्या गटाची वजाबाकी सुधारली, तिच्याविषयीचा विश्वास वाढला, आणि नवल असे की गोडीही लागली. बेचाळीस पानांचा डोंगर समोर ठेवलेल्यांना मात्र उद्दिष्ट नसलेल्यांच्या मानाने काही विशेष लाभ झाला नाही. सहावे पान उलटताना मुलाच्या हाती जो पुरावा पडतो, तो दुरून दिसणाऱ्या बेचाळिसाव्या पानातून कसा मिळावा?

मग वडीलधाऱ्यांनी शब्दांनी कौतुक करूच नये काय? अवश्य करावे, पण कशाचे ते पाहून. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्यूलर व कॅरल ड्वेक यांच्या १९९८च्या प्रयोगांत बुद्धीची वाहवा झालेली पाचवीतील मुले पुढील कठीण उदाहरणांपाशी लवकर खचली. मेहनतीची वाखाणणी झालेली अधिक चिवट निघाली. वजाबाकीत दशकाकडून एक उसना घेतला तर दशक तेवढा उणा होतो, तसेच बुद्धीला दिलेल्या शाबासकीचेही होत असावे.

आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डी गावी आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साहाय्याने, आदिवासी मुलांत काम केले. गुरे सोडून पोर शाळेत येईना, तेव्हा शाळाच कुरणात गेली. खडे, पाने, बिया हीच साधने झाली. रानातले जे त्या मुलाच्या हातचे होते, तेथूनच शिकण्यास आरंभ झाला, आणि पहिले यश त्यामुळे त्याच्या आवाक्यात आले.

शिक्षकवर्गास एवढीच विनंती, की ‘गणितात कच्चा’ असे लिहिण्यास लेखणी उचलाल तेव्हा त्याऐवजी ‘उसना घेताना अडतो’ असे लिहावे.