फॉरमॅट मारण्याआधी

घडीचा फोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला, की पहिला सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि कधी कधी त्याने गुणही येतो. तरीही हा उपाय पहिला असू नये. फॅक्टरी रीसेटने डेटा जातो, तसा बिघाडाचा मागही पुसला जातो. दोष बिजागरीत किंवा बॅटरीत असेल, तर चार दिवसांनी फोन पुन्हा रीस्टार्ट होतो आणि तोवर हाती काहीच उरलेले नसते. आपोआप होणारा रीस्टार्ट हा बिघाडाचा पुरावा आहे. तो केव्हा आणि कोणत्या स्थितीत होतो हे टिपून ठेवले, तर कोणतेही हत्यार न वापरता बिघाडाची जागा बरीचशी हेरता येते. घडीच्या फोनला तर हे जास्तच लागू पडते, कारण त्यात साध्या फोनमध्ये नसलेला एक हलता भाग आहे आणि तो आपल्याला हवा तेव्हा हलवून पाहता येतो.

बरेचसे रीस्टार्ट हे फोनने स्वतःच्या बचावासाठी केलेले असतात. अँड्रॉइडमध्ये ‘वॉचडॉग’ नावाची एक व्यवस्था आहे. यंत्रणेतली कळीची कामे साधारण मिनिटभर अडकून पडली, की वॉचडॉग ती प्रक्रिया बंद पाडतो आणि अँड्रॉइड नव्याने उभे राहते. त्याच्या खालच्या थरात, म्हणजे लिनक्स कर्नलमध्ये, सावरता न येणारी चूक घडली तर अख्खा फोन पुन्हा सुरू होतो. चिप फार तापली किंवा तिला मिळणारा व्होल्टेज ठरावीक पातळीखाली घसरला, तरी तेच होते. यांतला फरक ओळखण्याची खूण सेटिंग्जमध्येच सापडते. ‘अबाउट फोन’च्या ‘स्टेटस’ विभागात ‘अपटाइम’ दिसतो. कर्नल किती वेळ अखंड चालू आहे, ते त्यावरून कळते. रीस्टार्टनंतर हा काळ शून्यापासून मोजला जात असेल, तर फोन मुळापासून बंद पडला होता. मग बॅटरी, उष्णता, सर्किट किंवा ड्रायव्हर यांच्यावर संशय घ्यावा. जुनाच आकडा पुढे चालू असेल, तर फक्त वरचा अँड्रॉइडचा थर कोसळला होता आणि दोष बहुधा सॉफ्टवेअरचा आहे.

बॅटरीचा दोष सॉफ्टवेअरच्या दोषासारखा कसा भासतो, हे आयफोन ६एसच्या प्रकरणात जगाने पाहिले. २०१६मध्ये यातले काही फोन चार्ज शिल्लक असतानाही अचानक बंद पडू लागले. ॲपलने जानेवारी २०१७च्या अपडेटमधून जुन्या बॅटरीच्या फोनचा कमाल वेग आवरता घेतला. ही गोष्ट उघड झाल्यावर ग्राहक संतापले आणि वर्षअखेरीस कंपनीने माफी मागून बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. मूळ कारण रसायनशास्त्रातले होते. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. उदाहरणादाखल, बॅटरीचा व्होल्टेज ३.६ असताना कॅमेऱ्याने किंवा गेमने क्षणभर ३ अँपिअर प्रवाह ओढला असे धरू. रोध ०.१ ओहम असेल तर व्होल्टेज ३.३वर येतो, रोध ०.२ ओहम झाला असेल तर थेट ३.०वर. पडद्यावर तीस टक्के दिसत असतानाही फोन बंद पडतो तो यामुळे. घडीच्या फोनमध्ये सहसा दोन अर्धुकांत दोन बॅटऱ्या असतात आणि आतला मोठा पडदा जास्त वीज ओढतो. म्हणून चार्ज कमी असताना किंवा जड काम सुरू करताच रीस्टार्ट होत असेल आणि चार्जर लावल्यावर थांबत असेल, तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. पाठीमागचे झाकण उचलले गेलेले दिसले, तर बॅटरी फुगली आहे असे समजून फोन लगेच बंद करावा. तो दाबू नये, चार्जिंगलाही लावू नये.

बिजागरीचा प्रश्न वेगळा आहे. फोनच्या दोन अर्धुकांना जोडणारी फ्लेक्स, म्हणजे पॉलिइमाइडच्या पातळ पट्टीवर तांब्याच्या रेषा असलेली केबल, बिजागरीतूनच जाते. पट्टी वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधल्या एका थराला जवळपास ताण बसत नाही. उत्तम रचनेत तांबे या मधल्या थरात ठेवतात. पृष्ठभागावर पडणारा ताण साधारणपणे जाडी भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट इतका असतो: ०.१ मिलिमीटर जाडीची पट्टी ३ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली, तर सुमारे १.७ टक्के. एकदा वाकण्याने काही बिघडत नाही. पण धातू एका झटक्यात ज्या भाराला दाद देत नाही, त्याहून कमी भार वारंवार पडला तर तुटतो, हे जर्मन अभियंता ऑगस्ट वोलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले होते. इस्त्रीची वायर जिथे रोज वाकते तिथेच आतून तुटते, त्यामागेही हेच कारण आहे. तांब्याच्या रेषेला बारीक चीर पडली, की एका कोनात तिची टोके टेकतात आणि दुसऱ्या कोनात सुटतात. म्हणून आधी डेटाचा बॅकअप घ्यावा आणि मग फोन दोन-तीनदा सावकाश उघडून-मिटून पाहावा. रीस्टार्ट दर वेळी ठरावीक कोनातच होतो का, आणि फोन दिवसभर उघडा किंवा दिवसभर मिटलेला ठेवला तर तो थांबतो का, एवढेच तपासायचे आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. फोन उघडताना बाहेरच्या पडद्यावरचे ॲप आतल्या पडद्यावर जाते. त्या क्षणी एखादे ॲपच यंत्रणेला अडकवत असेल, तर बिजागरीला दोष का द्यायचा? याचा निकाल सेफ मोडमध्ये लागतो. तिथे आपण टाकलेली सारी ॲप्स निष्क्रिय होतात आणि डेटा मात्र जागेवर राहतो. रीस्टार्ट सेफ मोडमध्ये थांबला, तर अलीकडे टाकलेली ॲप्स एकेक करून काढावीत. तिथेही त्याच कोनात तो होत राहिला, तर बिजागरीवरचा संशय बळावतो. फॉरमॅट मारून जे कळणार, त्यातले बहुतेक असे काहीही न गमावता कळते.

दुसरा आक्षेप कंपन्यांच्या चाचण्यांचा. सॅमसंगने २०१९च्या पहिल्या गॅलेक्सी फोल्डसाठी दोन लाख घड्यांची चाचणी जाहीर केली होती. रोज शंभर घड्या धरल्या तर ती साडेपाच वर्षे होतात. तरीही समीक्षकांना दिलेल्या काही फोनचे पडदे काही दिवसांतच बिघडले. एप्रिलमधली विक्री पुढे ढकलावी लागली आणि बिजागरीच्या टोकांना कचरा रोखणाऱ्या टोप्या बसवून फोन सप्टेंबरमध्ये बाजारात आला. प्रयोगशाळेतले यंत्र घड्या मोजते. खिशातली धूळ आणि विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळा त्या मोजणीत येत नाही. सॅमसंग फोन वापरण्यासाठी शून्य ते ३५ अंश तापमान सुचवते. २०२४च्या फोल्ड ६ला मिळालेल्या ‘आयपी ४८’ दर्जातला ४ हा आकडा फक्त एक मिलिमीटरहून मोठे कण रोखण्याची हमी देतो. बारीक धूळ त्याहून कितीतरी लहान असते.

काही रीस्टार्ट मात्र बिघाडच नसतात. सॅमसंगच्या ‘डिव्हाइस केअर’मध्ये गरजेनुसार आपोआप रीस्टार्ट करण्याची सोय आहे, ती चालू आहे का ते पाहावे. २०२५पासून गूगलच्या सेवांमध्ये, सलग तीन दिवस लॉक राहिलेला फोन सुरक्षेसाठी रीस्टार्ट करण्याची तरतूद आली आहे. घट्ट कव्हरमुळे पॉवरचे बटण दाबले जात असेल, तर कव्हर काढून एक दिवस फोन वापरावा.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ सर्व्हिस सेंटर गाठावे, असे म्हणणाऱ्यांचेही चुकत नाही. बिजागरी किंवा बॅटरी घरी उघडायची नसतेच. पण अधूनमधून होणारा बिघाड काउंटरवर नेमका दिसत नाही आणि फोन ‘ओके’ म्हणून परत मिळतो. वेळ, चार्जची टक्केवारी, फोनचा कोन, चालू असलेले ॲप आणि अपटाइम अशी आठवडाभराची नोंद सोबत असेल, तर तंत्रज्ञाला तपासाची दिशा मिळते आणि अनावश्यक सुटे भाग बदलण्याचा खर्च टळू शकतो. ही लक्षणे जॉबशीटवर लिहून घ्या. तक्रार झटकली गेली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आधी बॅकअप, मग नोंद, मग सेफ मोड आणि त्यानंतर दुरुस्ती, हा क्रम पाळा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.