व्यायामाचे उच्च शिक्षण आणि आपली घरे

गोंदियातील धान-तांदळाची पेढी असो वा कापडाचे दुकान, सकाळी शटर उघडले की रात्रीपर्यंत गादी सुटत नाही. मनाला ते श्रमच वाटतात. पायांच्या स्नायूंना मात्र काम मिळत नाही. पायांतील रक्त हृदयाकडे परत चढविण्यास पोटऱ्यांचे आकुंचन साहाय्य करते आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात. ते निष्क्रिय राहिले की मधुमेहाला वाट मोकळी होते.

अशा घरातील मुलीने बी.कॉम. झाल्यावर ‘मला शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर पदवी घ्यायची आहे’ असे सांगितले, तर बैठकीत शांतता पसरते. ‘एवढे शिकून शेवटी पी.टी. शिक्षिकाच ना?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतेच. त्याचे उत्तर शांतपणे समजून घ्यावे.

हा मार्ग सोपा नाही. पदवीनंतर दोन वर्षांचे बी.पी.एड. आणि त्यापुढे दोन वर्षांचे एम.पी.एड. करावे लागते. राज्याच्या प्रवेश परीक्षेत लेखी परीक्षेसोबत मैदानी चाचणीही असते. अभ्यासात व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र, हालचालींचे यांत्रिक विज्ञान, क्रीडा-मानसशास्त्र, पोषण, दुखापतीनंतरचे पुनर्वसन, संख्याशास्त्र व संशोधन येते. पुढे नेट उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकपदाची वाटही खुली होते.

यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. नागपूरमार्गे बडनेऱ्याला उतरले की अमरावती जवळच. तेथे १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायाम व देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. आखाड्याच्या मातीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेच्या महाविद्यालयात आज शारीरिक शिक्षणाचे पदव्युत्तर अध्यापन होते.

अशा शिक्षणाचा लाभ प्रथम घरालाच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही मध्यम व्यायामाची सोपी खूण होय. मात्र गुडघे दुखणाऱ्या आजीला, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वडिलांना आणि नातवाला एकच व्यायाम चालत नाही. कोणता, किती आणि किती वेळ, हे ठरविण्यासाठीच हे शास्त्र आहे.

व्यायामशाळेत अंडी खाण्याचा सल्ला सर्रास मिळतो. आपल्या घरातील प्रशिक्षिका मात्र डाळ, मूग, दूध व शेंगदाणे यांतून प्रथिनांचा हिशेब मांडील. जेवण सूर्यास्तापूर्वीच आटोपायचे असते, हे तिला सांगावे लागणार नाही. उपवासात जड व्यायाम थांबवून पारण्यानंतर तो हळूहळू वाढवावा, आणि मधुमेहाच्या औषधांबाबत डॉक्टरांना आधी विचारावे, हेही ती सांगेल.

आपण व्यापारी माणसे. भांडवल, मागणी आणि जोखीम पाहूनच निर्णय घेतो. मुलीच्या या इच्छेलाही तीच कसोटी लावावी. बी.कॉम.पुढची चार वर्षे हे भांडवल आहे, आणि नोकरीची हमी नाही, ही जोखीम आहे. मागणी किती आहे, हे पाहण्यासाठी मात्र फार लांब जायला नको; घरातील औषधांचा डबा एकदा उघडून पाहिला तरी पुरे.