२,५७० तास उजवीकडे, २५४ तास डावीकडे

अमेरिकेतल्या पाच मोठ्या रेडिओ कंपन्यांची मिळून २५७ बातम्या-चर्चा केंद्रे २००७ मध्ये होती. सोमवार ते शुक्रवार यांतल्या कोणत्याही दिवशी या केंद्रांवर उजव्या विचारांची चर्चा २,५७० तास १५ मिनिटे चालत असे आणि डाव्या विचारांची २५४ तास. टक्केवारीत ९१ विरुद्ध ९. ही मोजणी सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस आणि फ्री प्रेस या संस्थांची आहे. दोन्ही डावीकडे झुकलेल्या आहेत आणि एनपीआरसारखा सार्वजनिक रेडिओ या मोजणीत नाही. एवढी सूट दिली तरी दहापटीचा फरक उरतो.

सरासरी काढली तर प्रत्येक केंद्रावर उजव्यांचे १० तास आणि डाव्यांची ५९ मिनिटे येतात. पण ही सरासरी फसवी आहे. २५७ पैकी २३६ केंद्रांवर डाव्या चर्चेचे एक मिनिटही नव्हते. सगळे २५४ तास उरलेल्या २१ केंद्रांवर होते, म्हणजे प्रत्येकी सुमारे १२ तास. थोडक्यात, एका केंद्रावर दोन्ही बाजू क्वचितच ऐकू येत. श्रोत्याने सकाळी जे केंद्र लावले त्यावर संध्याकाळपर्यंत एकाच सुराची माणसे बोलत, आणि केंद्रचालकांना तेच हवे होते. सूर बदलला की श्रोता बटण फिरवतो, हा त्यांचा व्यावसायिक हिशेब.

या विषमतेचे नेहमीचे कारण म्हणून फेअरनेस डॉक्ट्रिनकडे बोट दाखवले जाते. वादग्रस्त सार्वजनिक विषयावर दोन्ही बाजूंना जागा द्या, असे सांगणारा हा नियम १९४९ चा. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने तो ऑगस्ट १९८७ मध्ये ४-० मतांनी रद्द केला. वर्षभरात, १ ऑगस्ट १९८८ रोजी, उजव्या विचारांचे निवेदक रश लिंबॉ यांचा कार्यक्रम ५६ केंद्रांवरून देशभर सुरू झाला. पुढे ही केंद्रे ६०० वर गेली. तारखा जुळतात. पण नियम गेल्याने एकतर्फी बोलण्याची मोकळीक दोन्ही बाजूंना सारखीच मिळाली होती. ती मोकळीक ९१ आणि ९ अशी का वाटली गेली, हे त्या नियमातून कळत नाही.

त्याचे उत्तर जमाखर्चात सापडते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एफएमच्या श्रोत्यांनी एएमच्या श्रोत्यांना मागे टाकले. संगीत एफएमवर गेले आणि एएम केंद्रांकडे रिकामे तास उरले. लिंबॉ यांचे तीन तास सुरुवातीला केंद्राला रोख पैसे न मोजता मिळत. मोबदल्यात जाहिरातीची काही मिनिटे सोडायची. स्थानिक निवेदक, निर्माता, वार्ताहर यांचा पगार वाचला. मग १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभर ४० पेक्षा जास्त केंद्रे बाळगू नयेत ही मर्यादा उठवली. काही वर्षांतच क्लिअर चॅनेलकडे १,२०० हून अधिक केंद्रे झाली. जो कार्यक्रम एका शहरात चालतो तोच पन्नास शहरांत लावायचा, हा निर्णय आता एका टेबलावर होऊ लागला. डाव्या बाजूचे एअर अमेरिका ३१ मार्च २००४ रोजी सुरू झाले, २००६ मध्ये दिवाळखोरीत गेले आणि जानेवारी २०१० मध्ये बंद पडले. ते सुरू होईपर्यंत केंद्रांवरच्या जागा भरल्या होत्या.

जुलै २००८ मध्ये लिंबॉ यांच्या नव्या कराराचा आकडा बाहेर आला: आठ वर्षांचे ४० कोटी डॉलर. वर्षाला २४० कार्यक्रम धरले तर तासाला सुमारे ६९,००० डॉलर पडतात. त्याच महिन्यात, हा करार देणाऱ्या क्लिअर चॅनेलची कर्ज काढून खरेदी पूर्ण झाली. मार्च २०१८ मध्ये आयहार्टमीडिया या नव्या नावाने ही कंपनी दिवाळखोरी न्यायालयात गेली तेव्हा डोक्यावर २,००० कोटी डॉलरहून अधिक कर्ज होते. निवेदकाचा करार त्याच्या दोन टक्के. कंपनी निवेदकाच्या पगाराने बुडाली नाही, मालकीबदलाच्या कर्जाने बुडाली.

श्रोते किती, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. अखेरच्या वर्षांत लिंबॉ यांचे श्रोते आठवड्याला सुमारे दीड कोटी असल्याचा व्यवसायातला अंदाज होता. हा साप्ताहिक आकडा आहे: आठवड्यात एकदा थोडा वेळ ऐकणाराही त्यात एक आणि रोज तीन तास ऐकणाराही एकच. श्रोते मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीत पाव तासात पाच मिनिटे ऐकले तरच नोंद होत असे. जानेवारी २०२५ पासून जिथे यंत्राने मोजतात त्या शहरांत ही अट तीन मिनिटांवर आणली गेली. त्यामुळे २०२५ चे आकडे २०२४ शेजारी ठेवून 'वाढ झाली' म्हणणाऱ्यांकडे संशयाने पाहावे.

दीड कोटी म्हणजे ३३ कोटींच्या देशात शंभरात पाच माणसेही नाहीत. अध्यक्षीय निवडणुकीच्या तराजूत हे वजन कमी भरते. लिंबॉ यांच्या ४० कोटींच्या कराराच्या वर्षीच बराक ओबामा ३६५ निर्वाचक मतांनी निवडून आले आणि २०१२ मध्ये ३३२ मतांनी पुन्हा आले. इतकेच नाही, २००८ मध्ये रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी लिंबॉ यांच्या उघड विरोधानंतरही जॉन मॅकेन यांनाच मिळाली.

वजन दिसते ते लहान तराजूत. १० जून २०१४ रोजी व्हर्जिनियाच्या सातव्या मतदारसंघात रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत प्रतिनिधी सभागृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर हरले. मतदारसंघाची लोकसंख्या सात लाखांवर, मतदान सुमारे ६५,०००, पराभवाचे अंतर सुमारे ७,२००. कँटर यांनी ५० लाख डॉलरहून अधिक खर्च केला होता. विजयी डेव्ह ब्रॅट यांचा खर्च दोन लाखांच्या आसपास. ब्रॅट यांच्या प्रचारसभेला आलेले राष्ट्रीय पातळीवरचे नाव रेडिओ निवेदक लॉरा इंग्रॅहम यांचे होते. इथे दीड कोटी श्रोत्यांची गरज नव्हती, ७,२०० मतांचे अंतर पुरेसे ठरले.

राष्ट्रीय सुरक्षेतही हाच नमुना आहे, आणि त्यातले एक प्रकरण आपल्या दारापर्यंत येते. २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने ब्रिटनची पी अँड ओ कंपनी सुमारे ६८० कोटी डॉलरना घेतली. त्यासोबत अमेरिकेतल्या सहा बंदरांमधले व्यवहार हाती येणार होते. मायकल सॅव्हेज यांच्यासारख्या निवेदकांनी '११ सप्टेंबर नंतर बंदरे अरबांच्या हाती' असा सूर लावला. तपासणीचे काम तटरक्षक दल आणि सीमाशुल्क खात्याकडेच राहणार होते, हा तपशील त्या गदारोळात ऐकू आला नाही. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नकाराधिकार वापरण्याची धमकी दिली. पाच वर्षांत त्यांनी तो एकदाही वापरला नव्हता. ८ मार्च रोजी सभागृहाच्या विनियोजन समितीने ६२-२ मतांनी व्यवहार अडवला. समितीत बहुमत बुश यांच्याच पक्षाचे होते. दुसऱ्या दिवशी डीपी वर्ल्डने अमेरिकी हिस्सा सोडला. याच खरेदीत न्हावा शेवा बंदरातले पी अँड ओचे कंटेनर टर्मिनलही डीपी वर्ल्डकडे आले, आणि तिथले काम चालू राहिले.

सव्वा वर्षाने, २८ जून २००७ रोजी, बुश यांचेच स्थलांतर विधेयक सिनेटमध्ये ४६-५३ ने अडकले. हवी होती ६०. पराभवाचे श्रेय टॉक रेडिओला देणाऱ्यांत विधेयकाच्या बाजूचे रिपब्लिकन नेतेही होते. तिन्ही प्रकरणांत हरलेली बाजू एकच आहे: रिपब्लिकन नेतृत्व. या माध्यमाने डेमोक्रॅट पक्षाचे किती नुकसान केले ते मोजणे अवघड. स्वपक्षीयांचे मतांमध्ये मोजता येते.

अलीकडे निवेदक बाहेरून दबाव आणण्याऐवजी आत जाऊ लागले. जुने उदाहरण माइक पेन्स यांचे. उपाध्यक्ष होण्याच्या दोन दशके आधी ते इंडियानात रेडिओ कार्यक्रम करत. २०२५ मध्ये सेबॅस्टियन गोर्का व्हाइट हाउसमध्ये दहशतवादविरोधी विभागाचे प्रमुख झाले आणि डॅन बोंजिनो एफबीआयचे उपसंचालक. जून २०२५ मध्ये इराणच्या प्रश्नावर मात हाच गट फुटला. रेडिओवरचे मार्क लेव्हिन हल्ल्याच्या बाजूने, पॉडकास्टवरचे टकर कार्लसन आणि स्टीव्ह बॅनन विरोधात. २२ जून रोजी अमेरिकेच्या सात बी-२ विमानांनी इराणवर १४ बॉम्ब टाकले. निर्णय लेव्हिन यांच्या बाजूने गेला, पण त्यांच्यामुळे गेला असे एवढ्यावरून म्हणता येत नाही.

पैसा मात्र कार्लसन यांच्या माध्यमाकडे सरकतो आहे. आयहार्टचे पॉडकास्ट उत्पन्न २०२३ मधील सुमारे ४१ कोटी डॉलरवरून २०२४ मध्ये ४५ कोटींवर गेले, वाढ १० टक्के. निवडणुकीच्या जाहिराती असूनही तिच्या प्रक्षेपण विभागाचे उत्पन्न त्याच वर्षी घटले. क्युम्युलस या दुसऱ्या रेडिओ कंपनीचे एकूण उत्पन्न ८४.५ कोटींवरून ८२.७ कोटींवर आले.

एएम केंद्रे आता सुमारे ४,४०० उरली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये २० मोटार कंपन्यांना विचारणा झाली तेव्हा आठ कंपन्यांनी आपल्या विद्युत मोटारींतून एएम काढल्याचे सांगितले. प्रत्येक वाहनात एएम सक्तीचे करणारे विधेयक त्यानंतर आले. त्याचा आधार राष्ट्रीय सुरक्षा हाच आहे: आपत्तीत अध्यक्षांचा संदेश देण्यासाठी राखलेली ७७ केंद्रे ९० टक्क्यांहून अधिक लोकसंख्येपर्यंत पोहोचतात, आणि त्यांत बहुसंख्य एएम आहेत. सिनेटमध्ये त्याला ६० हून अधिक सह-प्रस्तावक मिळाले. २००७ मध्ये स्थलांतर विधेयकाला न मिळालेला तोच आकडा. मुख्य प्रस्तावक दोन. टेक्ससचे रिपब्लिकन टेड क्रूझ, आणि मॅसॅच्युसेट्सचे डेमोक्रॅट एड मार्की, जे १९८७ मध्ये सभागृहाच्या दूरसंचार उपसमितीचे अध्यक्ष म्हणून फेअरनेस डॉक्ट्रिन वाचवण्यासाठी झगडत होते.