यंत्र बदलावे, हिशेब बदलू नये

डॉक्टरांच्या स्मरणिकेत संगणकाच्या माणसाने काय लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. परंतु आपल्या रुग्णालयातील जुनी संगणकप्रणाली बदलण्याचा विचार येथील अनेक डॉक्टरांच्या बोलण्यात येतो. सुरतेत स्थायिक होण्यापूर्वी मुंबईत मी हेच काम केले असल्याने त्यातील एक धडा सांगतो.

मेनफ्रेम म्हणजे मोठा, मध्यवर्ती संगणक. त्यावरील बरीच कामे ‘बॅच’ पद्धतीने चालतात. पॅथॉलॉजीत दिवसभराचे नमुने गोळा करून एकदम यंत्रात लावावेत, तसेच हे. दिवसाच्या नोंदी साठवायच्या, रात्री त्या क्रमवार लावायच्या आणि ठरलेले प्रोग्रॅम एकामागून एक चालवायचे. प्रत्येक नोंदीकडे पाहणारा माणूस तेथे नसतो.

लहान यंत्रे समर्थ झाली, तशी ही कामे त्यांवर हलविण्यात येऊ लागली. या क्षेत्रातील भारताचे एक आरंभीचे काम रुग्णालयाशीच निगडित होते. १९७४ च्या सुमारास टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने अमेरिकेतील बरोज कंपनीसाठी एक रुग्णालयीन प्रणाली मध्यम यंत्रांच्या कोबॉल भाषेतून लहान यंत्रांच्या कोबॉलमध्ये उतरवली. भाषेचे नाव एकच. तरीही रूपांतर करावेच लागले!

आता माझा अनुभव. एका संस्थेच्या निवृत्तिवेतनाचे काम आम्ही मेनफ्रेमवरून लहान सर्व्हरवर आणले. यादी संपली हे प्रोग्रॅमला कळावे म्हणून शेवटी ९९९९९ क्रमांकाची एक खोटी नोंद ठेवलेली असे. जुन्या यंत्राच्या एब्सिडिक संकेतात अक्षरे आधी आणि अंक नंतर येतात. नव्या यंत्राच्या आस्की संकेतात नेमके उलट. त्यामुळे अक्षराने सुरू होणारे क्रमांक त्या खोट्या नोंदीच्या पलीकडे गेले. प्रोग्रॅम ९९९९९ पाशी थांबला आणि ‘काम पूर्ण’ असा संदेश देऊन मोकळा झाला.

अक्षराचे क्रमांक कुटुंब निवृत्तिवेतनाचे, म्हणजे मुख्यतः विधवांचे होते. आमच्या चाचणीच्या नमुन्यात त्यांतील एकही नव्हता. महिन्याच्या दोन तारखेला एक वृद्ध बाई औषधांची चिठ्ठी हातात घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या, तेव्हा आम्हांला चूक कळली. त्यांचा इन्सुलिनचा खर्च त्याच पैशांतून भागत असे. पैसे चार दिवसांनी मिळाले. त्या चार दिवसांची लाज मला अजून आहे.

डॉक्टर मित्रहो, अतिदक्षता विभागातील रुग्ण दुसरीकडे हलविताना आपण केवळ खाट हलवीत नाही. केसपेपर, औषधांच्या वेळा, सारे सोबत जाते. येथेही तेच पथ्य पाळावे. पहिले, कोणते काम कोणत्या कामानंतर चालते, हे लिहून काढावे. दुसरे, आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या नोंदींची संख्या व रकमांची बेरीज दर वेळी जुळवावी. तिसरे, महिनाअखेर पार पडेपर्यंत जुनी आणि नवी प्रणाली संपूर्ण नोंदींसह शेजारी शेजारी चालवावी. नमुन्यावर विसंबू नये.

विक्रेता म्हणेल, दुहेरी खर्च कशाला? त्याला सांगावे, यादीतल्या प्रत्येक क्रमांकामागे एक माणूस आहे.