बोर्डोचं १९८२ आणि दख्खनचं ऊन

जुन्नर, नारायणगाव, बारामती या पट्ट्यातल्या द्राक्ष बागाईतदाराला ‘बोर्डो’ म्हटलं की आठवतं ते मोरचूद आणि चुन्याचं निळं मिश्रण. पाऊस लांबला, डाऊनी या रोगाची भीती वाटू लागली की पंपात बोर्डो भरायचं. ही युक्ती मूळची फ्रान्समधल्या बोर्डो परिसरातली. वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षं खुडू नयेत म्हणून तिथले मळेवाले पानांवर असलं निळं औषध मारत. त्या वेलींवर रोग कमी पडतो हे वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे यांनी हेरलं आणि १८८५ मध्ये ते मिश्रण जगापुढे आलं. ते पुणे जिल्ह्यात घरोघरी पोचलं. त्याच परिसराची रेड वाइन मात्र बहुतेकांना ऐकूनच माहीत. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयातशुल्क असल्यावर दुसरं काय होणार?

त्या वाइनबद्दल जाणकार बोलायला लागले की पहिला प्रश्न येतो सालाचा. बाटलीवर छापलेलं साल म्हणजे द्राक्षं ज्या वर्षी तोडली ते वर्ष, म्हणजेच व्हिंटेज. बोर्डोत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि अटलांटिकवरून येणारा पाऊस नेमका त्याच सुमारास दाराशी उभा असतो. एखाद्या वर्षी, जसं २०१७ मध्ये झालं, एप्रिलच्या दहिवरानं कोवळे फुटवेच जळून जातात. म्हणून तिथं एकाच मळ्याच्या लागोपाठच्या दोन सालांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

या सालांमध्ये १९८२ चं नाव आजही वेगळ्या सुरात घेतलं जातं. त्या वर्षी फुलोरा लवकर आणि एकसारखा आला, उन्हाळा चांगला तापला, तोडणीच्या तोंडावर पुन्हा ऊन कडाडलं. माल भरपूर आणि पिकलेला. वाइन पिंपातच होती तेव्हा, १९८३ च्या वसंतात, रॉबर्ट पार्कर या अमेरिकी वकिलानं ती चाखली. १९७८ पासून तो ‘द वाइन अ‍ॅडव्होकेट’ नावाचं पत्रक काढत होता आणि शाळेतल्या पेपरासारखे शंभरपैकी गुण देत होता. त्यानं ८२ ला डोक्यावर घेतलं. रॉबर्ट फिनिगनसारख्या तेव्हाच्या नावाजलेल्या समीक्षकांना ते पटलं नाही. वाइन फार पिकलेली आहे, आंबटपणा कमी आहे, ती टिकायची नाही, असा आक्षेप होता. पार्करचं पारडं जड ठरलं. शातो लातूर आणि मुतों रॉथशिल्ड या दोन्हींच्या ८२ ला त्यानं पुढे शंभरपैकी शंभर दिले. आज त्यांची एक बाटली घ्यायची तर लाखाच्या वर मोजावे लागतात.

चाखणारे नेमकं काय करतात? पेला तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरतात आणि पांढऱ्या कागदावर तिरका धरतात. कडेला जांभळी झाक असेल तर वाइन कोवळी, विटकरी असेल तर मुरलेली. मग पेला फिरवून वास. कॅबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष नीट पिकलं नसेल तर त्याला चक्क ढोबळी मिरचीचा वास येतो. पिरॅझिन नावाची द्रव्यं दोन्हीकडे असतात. बोर्डोच्या थंड, ओल्या सालांची ही ओळखखूण. चांगल्या सालात त्याजागी काळसर फळांचा वास येतो आणि वर्षं सरली की देवदाराचं लाकूड, तंबाखू, पेन्सिलीला टोक काढतानाचा गंध. घोट तोंडात घोळवला की हिरड्या आवळतात. सालीतून आणि बियांतून उतरलेलं हे टॅनिन. अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी होते, तसंच. भारी वाइनमध्ये ते असतं, पण खरखरत नाही. मग घोट थुंकायचा. एका सकाळी पन्नास वाइन चाखणाऱ्याला गिळून चालत नाही.

या वर्णनांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हेही बोर्डोतच सिद्ध झालं. तिथल्या विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, तर ते रेड वाइनचेच शब्द वापरू लागले. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. नाकाआधी डोळे निकाल देऊन मोकळे होतात.

पुण्याच्या अंगानं पाहिलं तर ८२ चा तो वाद फार ओळखीचा वाटतो. साखर भरपूर, आंबटपणा कमी ही दख्खनच्या द्राक्षाची दरवर्षीचीच तक्रार आहे. इथं वेल हिवाळ्यात झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळ छाटणी, असा दोनदा कात्रीचा मार देऊन तिला वळण लावावं लागतं, आणि घड तयार होतात जानेवारी ते मार्चमध्ये. जानेवारीच्या थंड रात्री आंबटपणा राखतात. फेब्रुवारीअखेर ऊन चढलं की तो झपाट्यानं घटतो. त्यामुळे तोडणी भल्या पहाटे उरकायची धडपड असते आणि तरीही कमी पडलं तर टार्टारिक आम्ल घालावं लागतं. गंमत म्हणजे बोर्डोवाले थंड सालात उलटं करत आले: साखर कमी पडली म्हणून ती वरून घालायची.

तरीही बोर्डोची द्राक्षं आणि फ्रान्सची माणसं इथं आलीच. उद्योजक श्यामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात नारायणगावात फेसाळ वाइन काढली ती शॅम्पेनच्या पायपर-हाइडसिकच्या मदतीनं. बोर्डोचे वाइन-सल्लागार मिशेल रोलां यांनी ग्रोव्हर वायनरीच्या ‘ला रिझर्व’ या कॅबर्ने-शिराझ मिश्रणासाठी बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांपर्यंत सल्ला पोचवला. अकलूजला फ्रातेल्लीच्या ‘सेत्ते’मध्ये कॅबर्नेला जोड मिळाली ती इटलीच्या सांजोव्हेजेची. आणि तुकोबांची पालखी ज्या रोटी घाटातून जाते, त्याच रोटी गावच्या माळावर ‘फोर सीझन्स’ची फ्रेंच वाड्याच्या धाटणीची वायनरी उभी राहिली, २०१८ मध्ये ती ग्रोव्हर झाम्पाकडे गेली. तिच्या रेड वाइनवर ‘बॅरिक रिझर्व’ असं लिहिलेलं असे. बॅरिक म्हणजे बोर्डोचं २२५ लिटरचं ओकचं पिंप.

या बाटल्यांवरही साल असतं, पण ते वाचायची रीत वेगळी. इथं ऊन कधी चुकत नाही. चुकतो तो पाऊस. फळ छाटणीनंतरचा परतीचा पाऊस डाऊनी आणतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट तयार घड झोडपून काढते. मात्र आपल्याकडे साल पाहून बाटली उचलणारे कमी, आणि वायनऱ्याही त्या सालाबद्दल क्वचितच काही सांगतात. छाटणीची आणि तोडणीची तारीख मागच्या लेबलावर छापायला खर्च तरी कितीसा येईल? फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तोडलेली कॅबर्ने आणि मार्चच्या मध्यात तोडलेली कॅबर्ने यांत बोर्डोच्या दोन सालांइतकं अंतर असू शकतं. ते चाखून पडताळायचं तर दोन्ही बाटल्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंडगार दगडी घरांसाठी होता. सोळा-अठरा अंशांची खोली पुण्यात एप्रिलमध्ये कुठून आणायची?